मनीची हद्द

महसूल खात्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला कोणतीही मालमत्ता दिसली की तिची हद्द कोठून कोठवर, हा प्रश्न आधी सुचतो. आमच्या मनीच्या बाबतीत त्याचे उत्तर सोपे नाही. नाव आमच्या घराशी जोडलेले, रोजची दूधपोळी आमच्या स्वयंपाकघरातली; वावर मात्र साऱ्या मोहल्ल्यात. इंदूरच्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना खेटून उभी असतात, आणि माणसाच्या लेखी जेथे भिंत असते तेथे मांजराच्या लेखी रस्ता असतो.

निवृत्तीनंतर वेळ हाताशी होताच. आठ-दहा दिवस मी मनीची रीतसर पाहणी केली. पहाटे ती गच्चीवरून शेजारच्या पत्र्यावर उतरते, तेथून पेरूच्या झाडाखाली आणि मग बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत. वाटेतील प्रत्येक कोपऱ्याला गाल घासून आपल्या वासाची खूण ठेवते. आमच्या खात्यातील हद्दीच्या दगडांसारखीच ही व्यवस्था! एवढे करून सारा फेरा चार-पाच घरांपलीकडे जात नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतील ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रे बांधली होती. बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती; सरासरी क्षेत्र भरले ३.६ हेक्टर, म्हणजे सुमारे नऊ एकर. परंतु सारी शिकार एवढ्याशा जागेत होत असल्याने तेथील लहान जिवांवर तिचा भार फार पडतो, असाही त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

आमची आजी धान्याच्या कणग्यांसाठी मांजर बाळगी. मांजराला पोटभर घातले की ते उंदीर धरीत नाही, असे तिचे शास्त्र होते. मनी भरल्या पोटीही दबा धरून बसते. मांजराच्या ठायी भूक आणि शिकार या दोन निराळ्या प्रेरणा आहेत. रानात त्याचे भक्ष्य लहान, दिवसातून अनेकदा मिळवावे लागणारे, आणि बरेच डाव फसणारे. भूक लागेपर्यंत थांबणे त्याला परवडणारे नव्हते.

बरे, ही शिकार आपल्याला दिसते तरी किती? अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरी ५५ मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मारलेल्या जिवांपैकी अवघे २३ टक्के घरी आणलेले आढळले. २८ टक्के खाल्ले गेले आणि ४९ टक्के जागीच टाकून दिलेले. उंबऱ्यावर ठेवलेला उंदीर पाहून आपण कौतुक करतो, तो हिशेबाचा जेमतेम चौथा हिस्सा. ‘हितोपदेशा’तील दीर्घकर्ण मार्जाराची कथा वाचकांना आठवत असेल. चांद्रायण व्रताचे ढोंग करून तो आंधळ्या गिधाडाच्या आश्रयाला राहतो, पक्ष्यांची पिल्ले खातो आणि हाडे गिधाडाच्या ढोलीत सोडून पसार होतो. कथाकाराला मांजर चांगले ठाऊक होते.

गेल्या वैशाखात शेजारच्या अम्मांच्या मधुमालतीवर बुलबुलाने घरटे केले होते. पिल्ले खाली उतरली, पण नीट उडता येण्याआधीचे जे चार दिवस ती झुडपात काढतात, त्यातच मनीने दोन्ही टिपली. अम्मांनी आवाज चढवला नाही. चाळीस वर्षांचा शेजार. ओंजळीतली पिसे दाखवून एवढेच म्हणाल्या, “भैया, दूध आपके यहाँ और शिकार हमारे आँगन में।”

ते वाक्य आमच्या घरात बरेच दिवस राहिले. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पण मांजराचे शरीर मांसावरच बेतलेले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातूनच मिळते, आणि न मिळाल्यास डोळे व हृदय खराब होते. २०२१ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की भरपूर मांस असलेला आहार दिल्यास मांजराने घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटते. रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यास २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा मात्र काही उपयोग आढळला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना पेच तेवढ्यापुरता मिटला म्हणायचा.

सूनबाईंनी मासळीचे तयार खाद्य आणले, तेव्हा सौ.चा चेहरा उतरला. “माझ्या स्वयंपाकघरात हे यायचे नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. तरीही घरात मांस नको म्हणून ते शेजारच्या अंगणात मारले जावे, हे व्रत दीर्घकर्णाच्या चांद्रायणाहून किती वेगळे? दोन दिवसांनी सौ.नी स्वतःच मागच्या पडवीत निराळी वाटी ठेवली. स्पर्श त्या अजून करीत नाहीत. वाटी भरण्याचे काम माझ्याकडे आहे. विणीच्या महिन्यांत मनीला संध्याकाळपासून ऊन वर येईपर्यंत घरात ठेवतो आणि दोरीला चिंधी बांधून नातवंडे तिला खेळवतात. पहिले काही दिवस ती दाराशी बसून ओरडली, ते ऐकवत नसे.

रानातला शिकारी भक्ष्य सरले की उपाशी मरतो किंवा दूर निघून जातो. मनीची वाटी भरलेली असते. शेवटचा बुलबुल संपला तरी तिला जाण्याचे कारण नाही. निसर्गाचा हा हिशेब आपण वाटी ठेवून मोडतो. म्हणून मला वाटते, पाळीव मांजराची हद्द जेथवर जाते तेथवर पाळणाऱ्याचे घर गेले असे धरावे. तेवढ्या क्षेत्राची जबाबदारी आपल्या नावे चढवून घ्यावी.