बसवनगुडी: खडक, डोसा आणि वाचनालय

बंगळुरू म्हटले की काचेच्या उंच इमारती आणि संपता न संपणारे ट्रॅफिक एवढेच आपल्याला आठवते. पण या शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची एक जुनी, सावलीची वस्ती आहे. कन्नडमध्ये 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. तिथल्या मोठ्या नंदीच्या देवळावरून वस्तीला हे नाव मिळाले. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेगची साथ पसरली. जुन्या पेठेत घराला घर लागलेले, हवा खेळायला जागा नाही. त्यानंतर रुंद रस्ते आणि मोकळी अंगणे असलेल्या दोन नव्या वस्त्या आखण्यात आल्या. एक मल्लेश्वरम आणि दुसरी बसवनगुडी.

सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत माझ्या हाउसमधल्या मित्राने मला तिथल्या आपल्या घरी दोन दिवसांसाठी नेले. कॅडेटच्या खिशात पैसे किती असतात ते सर्वांना माहीत आहे. म्हणून आम्ही ठरवले की पायी फिरायचे, जिथे जुने लोक खातात तिथेच खायचे आणि एक तरी वाचनालय बघायचे. मॉल आणि सिनेमा पुढच्या खेपेला.

सवयीप्रमाणे पहाटे पाचलाच जाग आली, म्हणून सर्वांत आधी बगल रॉकवर गेलो. कन्नडमध्ये त्याला 'कहळे बंडे' म्हणतात. कहळे म्हणजे कर्णा, बंडे म्हणजे खडक. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा मानला जातो. १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी बंगळुरू वसवले. पुढे त्यांच्या घराण्याने शहराभोवती टेहळणीचे बुरूज उभारले. या खडकावरही पहारा असे. रात्री पहारेकरी मशाल पेटवून कर्णा फुंकत आणि शहराला 'सारे ठीक आहे' असे कळवत, असे तिथले लोक सांगतात. आपल्याकडे बिगुल वाजला की झोपलेली माणसे उठतात. इथे कर्णा ऐकून माणसे निश्चिंत झोपत असतील, याची मला गंमत वाटली.

मराठी मुलाला त्या खडकावर आणखी एक गोष्ट आठवते. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळुरू घेतले. त्या फौजेत शहाजीराजे होते आणि नंतर बंगळुरूची जहागीर त्यांनाच मिळाली. म्हणजे या पहाऱ्यावरच्या माणसांच्या दृष्टीने आपण पलीकडच्या बाजूचे. मित्र म्हणाला, "तुझ्या लोकांना आमच्या लोकांनी इथूनच पाहिले असेल." मी म्हणालो, "पाहिले, पण थांबवता आले नाही." दोघेही हसलो आणि खाली उतरून नंदीचे दर्शन घेतले. एकाच दगडातून घडवलेला हा नंदी सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब आहे. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्याच्यापुढे शेंगदाण्यांची मोठी जत्रा भरते. तिला 'कडलेकाई परिषे' म्हणतात.

तिथून गांधी बाजार जवळच आहे. फुलांचे ढीग, फळांच्या गाड्या आणि त्यांच्या मधोमध विद्यार्थी भवन. हे उपाहारगृह १९४३ मध्ये आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या मुलांसाठी सुरू झाले आणि नावही तसेच पडले. दारात माणूस नाव लिहून घेतो आणि पाळी आली की हाक मारतो. जागा थोडी असल्याने अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसावे लागते. आमच्यासमोर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे आहेत. मित्राने एकेकाचे नाव सांगितले. तेवढ्यात वाढपी आला. एका हातावर डोशांच्या बश्यांची चळत, पार खांद्यापर्यंत. मेसमध्ये चार ताटे एकदम उचलून दाखवणारे आपले वीर इथे पहिल्याच फेरीत बाद होतील. डोसा जाडसर, बाहेरून तुपात लालसर कुरकुरीत आणि आतून मऊ. सोबत खोबऱ्याची पातळ चटणी. आम्ही प्रत्येकी दोन खाल्ले. तिसऱ्याचा विचार खिशाकडे पाहून सोडला.

संध्याकाळी शंकरपुरमच्या ब्राह्मिन्स कॉफी बारवर गेलो. हे १९६५ पासूनचे छोटे दुकान आहे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी, एवढ्यात फळा संपतो. सांबार नाहीच, फक्त चटणी, तीही हवी तेवढी. बसायला खुर्च्या नाहीत. लोक फुटपाथवर उभ्याने खातात, बशी जागेवर ठेवतात आणि पुढच्याला जागा करून देतात. कोणी हुकूम देत नाही, तरी रांग मोडत नाही. तिथेच 'बाय टू' हा शब्द शिकलो. एक कॉफी मागवायची, दोन पेल्यांत वाटून घ्यायची. दुकानदाराला त्यात काही कमीपणा वाटत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही.

रात्री जेवताना मित्राच्या अज्जींनी मला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "बाळ, फौजेत जाऊन तू राखण कशाची करणार?" मी म्हणालो, "देशाची." त्या म्हणाल्या, "देश तर फार मोठा. त्यातले काय काय तुला माहीत आहे?" मी दोन-तीन गडांची नावे घेतली, आमच्या गावाचे नाव घेतले. त्यांनी ऐकून घेतले, माझ्या पानात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "उद्या वाचनालय बघून ये."

दुसऱ्या दिवशी बी. पी. वाडिया रोडवरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चरमध्ये गेलो. बहमनजी वाडिया हे मुंबईचे पारशी गृहस्थ. १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांच्याबरोबर इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. १९१८ मध्ये त्यांनी मद्रासच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. ती देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांपैकी एक. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सोफिया यांनी बसवनगुडीत ही संस्था सुरू केली. ग्रंथालय, मुलांचा विभाग, व्याख्याने असा तिचा पसारा आहे. वाचनकक्षात एका बाजूला वर्तमानपत्र उघडून बसलेले निवृत्त लोक आणि दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षेची वही घेऊन बसलेली मुले. पंख्याचा आवाज आणि पान उलटल्याचा आवाज, बस्स. आपल्या प्रेपच्या वेळी ही शांतता आणायला ड्यूटी मास्टरांना तीन फेऱ्या माराव्या लागतात.

जवळच बुल टेंपल रोडला आणखी एक संस्था आहे आणि तिच्या पाटीपाशी मी बराच वेळ थांबलो. गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आपल्याला माहीत असते. बंगळुरूच्या या संस्थेलाही नाव आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचेच. ती स्थापन करणारे डी. व्ही. गुंडप्पा हे कन्नडचे फार मोठे लेखक. सगळे त्यांना 'डीव्हीजी' म्हणतात. त्यांचा पुतळा आम्ही आदल्या दिवशी बगल रॉकच्या बागेत पाहिला होता. गोखले १९१५ मध्येच गेले. तीस वर्षांनंतर एका कन्नड लेखकाला वाटले की नागरिकांनी राज्यकारभार समजून घ्यावा, त्यावर वाचावे, बोलावे, आणि त्या कामाला नाव द्यावे ते एका मराठी माणसाचे. शहाजीराजांनी बंगळुरू जिंकून घेतले होते. गोखल्यांचे नाव बंगळुरूने आपणहून ठेवून घेतले.

परतताना मी वहीत तारखा लिहीत होतो आणि त्या एकमेकींशेजारी येऊन बसल्या. विद्यार्थी भवन १९४३. डीव्हीजींचे सर्वांत गाजलेले पुस्तक 'मंकुतिम्मन कग्ग', तेही १९४३. गोखले संस्था १९४५. वाडियांची संस्था ऑगस्ट १९४५, म्हणजे ज्या महिन्यात हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले तोच महिना. ही सगळी दुसऱ्या महायुद्धाची वर्षे. सुमारे २५ लाख भारतीय सैनिक तेव्हा सैन्यात होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. लालबागजवळच्या एमटीआरची रवा इडली त्याच टंचाईतून जन्मली असे सांगतात. बंगळुरूतल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात लढाऊ विमाने दुरुस्त होत होती. आणि त्याच काळात, त्याच शहरात कोणी विद्यार्थ्यांसाठी डोशाचा तवा चढवला, कोणी कविता पूर्ण केली, कोणी वाचनालय उघडले. 'आधी युद्ध संपू द्या, मग बघू' असे कोणी म्हटले नाही.

इतिहासाच्या पुस्तकात आपण त्या वर्षांतल्या लढाया शिकतो. कोहिमा आणि इंफाळ तर आपल्याला नकाशासकट पाठ आहेत. त्या आघाड्यांच्या मागे काय चालू होते, ते मला बसवनगुडीत दिसले. अज्जींच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे आहे: अनोळखी माणसांनी एका टेबलावर बसून खावे, एक कॉफी दोघांनी वाटून घ्यावी, पैसे नसलेल्या मुलाला वाचायला जागा मिळावी आणि दुसऱ्या भाषेतल्या थोर माणसाचे नाव आपल्या दारावर लावता यावे, याची राखण. खडकावरचा पहारेकरी कर्णा फुंकत होता तो खडकासाठी नव्हे, खाली वसलेल्या पेठेसाठी.

आपल्यापैकी अनेकजण एसएसबीसाठी बंगळुरूला जातील. निकाल काहीही लागो, परतीच्या गाडीला अर्धा दिवस हाताशी असेल तर बसवनगुडीला जा. शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे रांग लहान असते. खाऊन झाले की वाचनालयात तासभर बसा. आणि तिथली अज्जी भेटलीच, तर जेवल्याशिवाय ती सोडणार नाही, याचीही तयारी ठेवा.