उचगावचा हातब्रेक

कोल्हापूर सोडून पुणे-बंगळूर महामार्गाला लागावे, की आलेच उचगाव. प्रवासवर्णनांत त्याला कोण विचारतो? पण पन्हाळ्याच्या चढावर धोंड्याच्या भरवशावर उभी राहणारी जुनी जीप ज्याच्यापाशी आहे, त्याला हेच तीर्थ!

मिस्त्री म्हणाला, "सर, ह्यो ब्रेक चाकाला नसतोय, गिअरबॉक्समागच्या शाफ्टला असतोय. सील गळलं की लायनर तेलात!"

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासूनची ही रीत. त्याने सील बदलून ड्रमच्या जागी उघडी डिस्क बसविली. आता तेल आले तर निदान दिसेल.

"पण मागचं एक चाक जॅकवर घेतलं, तर शाफ्ट धरूनबी दुसरं फिरतंय. डिफरन्शियल हाय नव्हं! तवा धोंडा टाकू नका."