कमिशन वाढतं, वाटा वाढत नाही

नागपुरात प्लॉट आणि फ्लॅटच्या दलालीत काम करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या बोलण्यात दोन आकडे सतत असतात: सौदा केवढ्याचा आणि त्यात आपले टक्के किती. ज्या फर्मसाठी आपण राबतो ती उद्या वाढली तर त्या वाढीत आपलं काय, हा विषय क्वचितच निघतो. या धंद्यात राहून माझं मत पक्कं झालं आहे, की ब्रोकरचं पुढचं आयुष्य ठरतं ते याच विषयावर. टक्के चांगले मिळाले तर दोन-चार वर्षं बरी जातात. फर्ममध्ये कागदावरचा वाटा असेल तरच तिच्या वाढीला ब्रोकरची प्रगती म्हणता येतं. नाहीतर ती मालकाची प्रगती असते आणि ब्रोकर तिचा साक्षीदार असतो.

असं का म्हणतो ते कमाईच्या स्वरूपावरून कळेल. आमच्याकडे ले-आउटमधले प्लॉट बहुतेक हप्त्यांवर विकले जातात. ग्राहकाचा हप्ता आला की कमिशनचा तुकडा येतो, हप्ता थांबला की तोही थांबतो आणि बुकिंग रद्द झालं तर घेतलेली रक्कम पुढच्या हिशोबातून वळती होते. रजिस्ट्री होईपर्यंत काहीच पक्कं नसतं. त्यावर बाजाराची लहर. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या चर्चेनं वर्धा रोडवरच्या जमिनींचे भाव चढले; खापरी, जामठा, बुटीबोरीपर्यंत ले-आउटचे फलक लागले आणि प्रकल्प रेंगाळला तसे प्लॉटही पडून राहिले. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी, 1 मे 2017 ला रेरा हा स्थावर मालमत्ता कायदा, 1 जुलै 2017 ला जीएसटी असे तीन धक्के आठ महिन्यांत बसले. त्या काळात चांगले, अभ्यासू ब्रोकर हा धंदा सोडून गेले. उलट सप्टेंबर 2020 ते मार्च 2021 या काळात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क आधी तीन आणि मग दोन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी उसळली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शिवमडका, हिंगणा भागात चौकशा वाढल्या. अशा लाटांत मिळालेला पैसा मंदीत घरखर्चाला जातो. ब्रोकर कितीही जुना झाला तरी दर एप्रिलमध्ये तो शून्यापासून सुरुवात करतो.

फर्मचं मात्र तसं नसतं. तिच्याकडे दरवर्षी काहीतरी साठत जातं. ग्राहकांची यादी साठते, एका ग्राहकानं पाठवलेला दुसरा ग्राहक येतो, बिल्डर नवा प्रकल्प आधी तिच्याच हाती देतो, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींनी नाव ओळखीचं होतं. हा साठा कोण करतं? सातबारा वाचून खरी मालकी सांगणारा, ले-आउटला एनए-टीपी, म्हणजे बिगरशेती आणि नगररचना मंजुरी, आहे की नुसता नकाशा आहे हे ओळखणारा, नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल हे पत्र मिळालं आहे की फक्त अर्ज केला आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगणारा ब्रोकर. नागपुरात हे ज्ञान फार मोलाचं आहे. इथं गुंठेवारीतल्या शेकडो ले-आउटच्या नियमितीकरणाचे प्रश्न वर्षानुवर्षं चालले आहेत. एका चुकीच्या प्लॉटमध्ये माणसाची आयुष्यभराची पुंजी अडकते. ब्रोकरनं खरं सांगितलं म्हणून ग्राहकाचा विश्वास बसतो, पण तो विश्वास फर्मच्या नावावर जमा होतो. भागीदारी कायद्यात तर नावलौकिक, म्हणजे गुडविल, ही फर्मची मालमत्ताच मानली आहे. ती निर्माण करणाऱ्याचा तिच्यात हिस्सा नसावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

फर्म वाढली की धरमपेठेतल्या एका खोलीच्या ऑफिसच्या बेसा, मनीषनगरमध्ये शाखा होतात आणि जुन्या ब्रोकरला टीम लीडर किंवा सेल्स हेड केलं जातं. हाताखालच्यांच्या सौद्यांवरही थोडं कमिशन मिळू लागतं. यालाच बढती समजून अनेक जण थांबतात. पण मालकानं उद्या फर्म विकली, मुलाच्या हाती दिली किंवा शाखा बंद केली, तर हे पद त्याच दिवशी संपतं.

वाटा मागितला की मालकांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पैसा आम्ही घातला, ऑफिसचं भाडं मंदीतही आम्हीच भरलं आणि हे ब्रोकर तर समोरच्या फर्मनं अर्धा टक्का जास्त दिला की निघून जातात. त्यांना मालकी कशी द्यायची? पहिल्या मुद्द्याला मान द्यायलाच हवा. ज्यानं जोखीम घेतली त्याचा वाटा मोठा असावा. पण दलाली हा कारखाना नाही. इथं यंत्रं नाहीत, कच्चा माल नाही. भांडवलाचा मोठा भाग माणसांच्या डोक्यात आणि ओळखीत असतो. रेरानंतर तर हे अधिकच खरं झालं आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायचा तर एजंटची महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. शिवाय महारेरानं 2023 च्या जानेवारीत काढलेल्या आदेशानं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. ते सक्षमता प्रमाणपत्र माणसाच्या नावानं मिळतं. म्हणजे पात्र माणसं टिकली नाहीत तर फर्मचं कामच अडतं. दुसरा मुद्दा, सोडून जाण्याचा. अर्ध्या टक्क्यासाठी माणूस जातो कारण त्याला थांबण्यात अर्धा टक्काच मिळणार असतो. वाटा एकदम न देता चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं द्यावा आणि मधेच सोडलं तर उरलेला मिळणार नाही असं लिहून घ्यावं. मग जायचं की थांबायचं याचा हिशोब तो वेगळ्या तऱ्हेनं करेल.

मालकीनं दलाल टिकतात आणि संस्था मोठ्या होतात, याची उदाहरणं दलालीच्या इतिहासातच आहेत. मुंबईचा शेअर बाजार 1875 मध्ये दलालांनीच संघटना करून उभा केला आणि सव्वाशेहून अधिक वर्षं तो दलाल सदस्यांचाच राहिला. 2005 च्या योजनेत त्याचं कंपनीत रूपांतर झालं तेव्हा त्या सदस्यांना शेअर मिळाले. 2017 मध्ये बीएसईचे शेअर बाजारात आले. ज्यांनी संस्था वाढवली त्यांना त्या वाढीची किंमत मिळाली. अमेरिकेत एडवर्ड जोन्स ही गुंतवणूक दलालीतली बलाढ्य संस्था आजही भागीदारी म्हणून चालते आणि तिथं काम करणारेच तिच्यात भागीदार होतात. या संस्था अवाढव्य आहेत, नागपूरच्या पंधरा-वीस माणसांच्या फर्मला त्यांचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, लहान फर्मला हे अधिक सोपं आहे. तिथं कोणी किती काम केलं ते सगळ्यांना दिसतं.

ब्रोकरांच्या बाजूनं येणारा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. फर्मच्या वाट्यापेक्षा आजचं रोख कमिशन बरं, कारण खासगी फर्मचा वाटा विकायचा कुणाला, आणि नफा झाला की नाही हे ठरवणारा मालकच. ही भीती खरी आहे. नफा घरच्या माणसांच्या पगारात आणि मालकाच्याच जागेच्या भाड्यात जिरवता येतो. नावापुरता भागीदार करून ब्रोकरची बचत भांडवल म्हणून घेतली, असंही या धंद्यात घडतं. त्यात 1932 च्या कायद्याखालच्या साध्या भागीदारीत फर्मच्या देण्यासाठी भागीदाराची खासगी मालमत्ताही अडकू शकते. म्हणून वाटा घेताना तो कोणत्या स्वरूपात घेतो, हे महत्त्वाचं. 2008 च्या कायद्यातली एलएलपी मला या व्यवसायाला सर्वांत योग्य वाटते. तिथं जबाबदारी साधारणपणे घातलेल्या रकमेपुरती राहते. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मालक ईसॉपचं, म्हणजे शेअर देण्याच्या योजनेचं, आश्वासन देतात. पण कंपनी कायद्यातली ती सोय कर्मचाऱ्यांसाठी आणि संचालकांसाठी आहे. नागपुरातले बहुतेक ब्रोकर पगारावर नसून कर कापून कमिशन घेतात, त्यांना ती लागू होत नाही. हे आश्वासन ऐकताना आपण कागदोपत्री कर्मचारी आहोत का, हे आधी तपासावं.

रोख कमिशन सोडावं असं मी कुणालाही सांगत नाही. ज्याच्या घरी एकच कमाई आहे त्यानं सगळे पैसे वाट्यात घालणं धोक्याचं आहे. कमिशनचा एक भाग भांडवल खात्यात वळवून वाटा हळूहळू विकत घेता येतो, आणि चांगल्या वर्षात ते जड जात नाही.

करारावर सही करण्याआधी माझ्या मते सर्वांत काळजीनं वाचायचा भाग म्हणजे बाहेर पडण्याचा. वाट्याची किंमत कशी काढायची, ती किती महिन्यांत द्यायची, आजारपण किंवा मृत्यू आला तर घरच्यांना काय मिळणार, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. साध्या भागीदारीत याबद्दल काही ठरलेलं नसेल आणि हिशोब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर गेलेल्या भागीदाराला नफ्यातला हिस्सा किंवा वार्षिक सहा टक्के व्याज यांतलं एक निवडण्याचा हक्क कायदा देतो. पण तो मिळवण्यासाठी वर्षं जातात. हिशोबाच्या वह्या बघण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला असतो, तो दरवर्षी वापरावा. आणि फर्म भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदलेली आहे ना, ते स्वतः पाहावं. नोंदणी नसलेल्या फर्मविरुद्ध भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही.