अनाहूत आकडे

संत्र्यांच्या मोसमात नागपूरच्या रस्त्याने जाताना हातगाडीवर तीन-तीन, चार-चार फळांचे वाटे मांडलेले दिसतात. ते आपण मोजतो असे म्हणणे बरोबर नव्हे. ते मोजले जातात. भाव विचारण्याचा विचारही मनात नसताना 'चार' हा शब्द उमटून गेलेला असतो. फळे वाढली की मात्र ही सिद्धी डळमळते. जेव्हन्स नावाच्या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने पेटीत घेवड्याचे दाणे टाकून, एका दृष्टिक्षेपात त्यांची संख्या सांगण्याचा प्रयोग स्वतःवरच केला व १८७१ साली तो प्रसिद्ध केला. तीन-चार दाण्यांपर्यंत तो कधी चुकला नाही; पाचापासून चुका सुरू झाल्या.

लिहिलेल्या आकड्याचा जुलूम याहून मोठा. पाटीवर लहानसा ९ व शेजारी भला थोरला २ काढावा आणि विचारावे, "आकाराने मोठा कोणता?" प्रौढ माणूस उत्तर बरोबर देतो, पण किंचित अडखळून, नवाचे थोरपण कोणी न विचारता मध्ये लुडबुडते. नुकतीच अंकओळख झालेले मूल मात्र बिनदिक्कत दोनावर बोट ठेवते. नऊ मोठे हे त्यालाही ठाऊक असते; ते ज्ञान न बोलावता धावून येत नाही, इतकेच. दोन-तीन वर्षांच्या सरावाने तेही येऊ लागते, आणि मग जन्मभर त्याला थोपविता येत नाही.

मराठी मुलाच्या वाटेवर आणखी एक वळण आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. म्हणून ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस' तर दोन आणि नऊ या दोघांचेही नाव घेत नाही! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचने आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला. विधानसभेतही थट्टा रंगली. वस्तुतः जुनी नावे पुस्तकात होतीच, आणि तेलुगू व कन्नड मुले दशक आधी, एकक मागून असेच मोजतात. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पंचवीस इतका आपोआप वाजत होता, की तो कधीकाळी शिकावा लागला होता हे त्यांना पटेना.

जुन्या नावांवर माझाही जीव आहे; पाढ्यांची लय 'वीस पाच'ला साधणार नाही. तरी त्या थट्टेत मला सामील होववत नाही. आमच्या शेजारची सहा वर्षांची मुलगी ओसरीवर मोजत असते. 'अठ्ठावीस' झाल्यावर ती क्षणभर थांबते आणि मोठ्या विश्वासाने म्हणते, "नववीस."