डबी देण्याआधी

रक्त द्यायचं म्हटलं की माणूस लगेच बाही वर सारतो. परसाकडची डबी हातात ठेवली की तोच माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या खुटबावात नमुने गोळा करताना मला हातापेक्षा तोंडाचंच काम जास्त. ‘आजी, लघवी मिसळू देऊ नका. पाण्यात पडलेलं नको. खाली कागद अंथरा.’ आजी पदर तोंडाला लावतात, ऐकते ती सून. मग डबी येते ती काळ्या पिशवीत, वर वर्तमानपत्र, त्यावर आणखी एक पिशवी.

या डबीत शोधायचं असतं कॅलप्रोटेक्टिन. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी या प्रथिनाने खच्चून भरलेल्या असतात. आतडं सुजलं की त्या पेशी भिंतीतून पोकळीत उतरतात, फुटतात आणि प्रथिन शौचात येतं. नॉर्वेच्या मॅग्ने फागेरहोल यांच्या गटाने ते १९८० साली वेगळं केलं; शौचात मोजायची रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. जंतू त्याला सहजी तोडू शकत नाहीत, म्हणून डबी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते टिकतं. उन्हाळ्यात तरी मी थंड पेटी सोडत नाही.

मोजण्यातली मेख नमुना उचलायच्या काडीत आहे. तिच्या टोकाच्या खाचांत बसेल तेवढाच नमुना, काही मिलिग्रॅम, द्रावणात जातो. जुलाब पातळ असेल तर खाचांत नुसतं पाणीच भरतं आणि आकडा खोटा कमी येतो; खडा झाला असेल तर खाचा भरतच नाहीत. एकाच शौचाच्या दोन टोकांना आकडा वेगळा निघू शकतो, म्हणून काडी तीन-चार ठिकाणी टोचायची. प्रयोगशाळेतलं मोजणीचं, एलायझाचं यंत्र पुढचं सगळं इमानाने करतं, पण काडीवर काय आलं ते त्याला कुठे ठाऊक?

ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत आकडा आला तर मोठ्या माणसाच्या आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, दुर्बिणीने आतडं तपासणं बहुधा टळतं. माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग हाच. अडीचशेच्या वर गेला तर मात्र दुर्बीण लांबवू नये. आमच्याकडे ऊस गेल्यावर पाचट पेटवतात. धूर लांबून दिसतो, शेत कुणाचं ते जवळ गेल्यावर कळतं. हा आकडा तसाच. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार आणि आतड्याचा क्षय, दोन्हींत तो चढतो. त्यांतला फरक दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याशिवाय कळणं कठीण.

दुखण्यावरच्या कित्येक गोळ्यांनीही आकडा चढतो. ‘काही औषध चालू आहे का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नाही.’ कंबरेसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी इथे कुणी औषधात धरतच नाही. म्हणून मी विचारतो, ‘दादा, कंबर धरली की काय घेता?’ लगेच खिशातून अर्धी संपलेली पट्टी निघते. तिच्यावरचं नाव चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून मी डॉक्टरांना फोन लावतो. ती थांबवून डबी पुढे ढकलायची का, ते त्यांनी ठरवायचं.