चार सुतांची फट

कोथरूडच्या आमच्या घरी गॅलरीत बाबांची हत्यारं पत्र्याच्या तीन डब्यांत पडून होती. रंधे, पटाश्या, गुण्या, हातोड्या, शिवाय मी नंतर घेतलेलं ड्रिल मशीन. त्यांच्यासाठी कपाट करायचं आणि तेही स्वतःच्या हातांनी, असं मी ठरवलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आणला. दोन रविवारांत सांगाडा उभा राहिला. घोडं अडलं ते खणांपाशी.

बाबांच्या जुन्या टेबलाला चॅनेल हा प्रकारच नव्हता. खण लाकडी पट्टीवर सरकायचा. पावसाळ्यात तो फुगून बसला की बाबा मेणबत्तीचा तुकडा पट्टीवर घासत आणि त्याला दोन शिव्या घालत. मला त्या शिव्या नको होत्या, म्हणून मी चॅनेल आणायला गेले.

दुकानदाराने काउंटरवर तीन नमुने मांडले. पहिलं पांढरं, प्लॅस्टिकच्या चाकांचं रोलर चॅनेल. ते सगळ्यात स्वस्त आणि थोडं वाकडंतिकडं बसलं तरी चालवून घेणारं, पण खण पाऊणच उघडतो. मागच्या पाव भागात गेलेली पटाशी चाचपडतच शोधायची. दुसरं टेलिस्कोपिक: एकात एक सरकणारे पत्र्याचे तीन भाग, मध्ये छर्रे, खण पूर्ण बाहेर. तिसरं तेच, पण सॉफ्ट क्लोज. "मॅडम, हेच घ्या, आवाजच नाही," असं म्हणत त्याने ते चारदा उघडमीट करून दाखवलं. काउंटरवर सगळीच चॅनेल लोण्यासारखी सरकतात, कारण त्यांच्यावर वजन कुठे असतं?

मी काहीच न घेता परत आले. एक डबा हातात धरून वजनकाट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. २२ किलो! टेलिस्कोपिकच्या पाकिटावर जोडीची ताकद ४५ किलो छापलेली होती. म्हणजे भार पेलणारा होता. सॉफ्ट क्लोज मी सोडलं. ते उघडताना जरा जोराने ओढावं लागतं, आणि हत्यारांच्या खणाला शांतता कशाला हवी!

लांबीत मात्र फसता फसता वाचले. कपाट आतून ४६० मिलिमीटर खोल. १८ इंची चॅनेल म्हणजे ४५०, तेव्हा बसेल असं वाटलं. पण खणाची १८ मिलिमीटरची दर्शनी फळी मला सांगाड्याच्या आत हवी होती, आणि ४५० अधिक १८ म्हणजे ४६८. निमूटपणे १६ इंची घेतलं.

खरी चूक रुंदीत झाली. टेलिस्कोपिकला खणाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. सोसायटीत काम करणारे मिस्त्रीमामा मिलिमीटरमध्ये बोलतच नाहीत. "ताई, एका अंगाला चार सूत सोडा. कमी नको, जास्त नको," ते म्हणाले होते. मी ते तंतोतंत पाळलं, पण हिशेब कागदावरच केला. कपाट बाहेरून ६००, त्यातून दोन फळ्यांचे ३६ गेले, उरले ५६४. त्या मापाने चॅनेलचे खण कापून जोडले. प्लाय प्रत्यक्षात भरला १७ मिलिमीटर! आतली जागा ५६६ निघाली. खण बसवले तर ते सैल, डुगडुगणारे.

मामांनी ते पाहिलं आणि हसले. "बरं झालं, बारीक झाले. मोठे झाले असते तर रंधा मारत बसला असता." त्यांनी सनमायकाच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापल्या. सनमायका बरोबर १ मिलिमीटरचा. प्रत्येक चॅनेलमागे एकेक पट्टी घातली आणि डुगडुग थांबली. खण बाहेर काढायची युक्तीही त्यांनीच दाखवली: एका बाजूची काळी कळ वर उचलायची, दुसऱ्या बाजूची खाली दाबायची. मी आदल्या दिवशी दोन्ही वरच उचलून अर्धा तास ओढत बसले होते.

हत्यारं भरून मी कौतुकाने वरचे दोन खण एकदम उघडले, तर अख्खं कपाट माझ्या अंगावर झुकलं. खण पूर्ण बाहेर आला की त्यातलं वजनही पूर्ण पुढे येतं, हे लक्षातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी दोन लोखंडी कोन लावून कपाट भिंतीला जखडलं.

आता करवत चालवताना खण बंद ठेवते. छर्ऱ्यांच्या ग्रीसला भुसा चिकटला की खण करकरायला लागतो. तळाच्या खणाला मात्र चॅनेल लावलंच नाही. तो पट्टीवरच सरकतो. त्यात सँडपेपर असतात, आणि मेणबत्तीचा एक तुकडा.