मुका शेजार

चांगला शेजार लाभावयास नशीब लागते, असे म्हणतात. मला कोलकात्यात जो शेजार लाभला आहे, तो कधी विरजण मागावयास येत नाही, अपरात्री मोठ्याने गाणी लावीत नाही की नळावर भांडत नाही. पार्क स्ट्रीटची जुनी इंग्रजी दफनभूमी माझ्या बिऱ्हाडाच्या मागच्या खिडकीखाली आहे. १७६७ साली ती उघडली आणि एकोणिसाव्या शतकातच तिने नवे रहिवासी घेणे थांबविले. पार्क स्ट्रीटलाही एके काळी ‘बरियल ग्राउंड रोड’ असेच म्हणत.

या शेजाराची सुखे पुष्कळ आहेत. भाडे बेताचे, आणि झाडी इतकी दाट की वैशाखातल्या दुपारीही खिडकी उघडी ठेववते. तोटेही आहेत. पावसाळ्यात डासांच्या झुंडी येतात, ओलीने पुस्तकांना बुरशी धरते आणि तिन्हीसांजेनंतर पाहुणे फिरकत नाहीत. मुलीला पाहावयास आलेल्या एका मंडळींनी तर खिडकीतून एकवार खाली पाहिले आणि कांदेपोहे अर्धे टाकून काढता पाय घेतला!

पण खरा त्रास निराळाच. येथे राहिले की वये मोजण्याची खोड जडते. रोझ एल्मर १८०० साली गेली, अवघ्या विसाव्या वर्षी. कवी डिरोझिओला १८३१ मध्ये पटकीने नेले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. १७८९ मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स १७९४ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या समाधीचा निमुळता स्तंभ झाडांतून वर डोकावतो. या सर्वांहून मी आता वडील झालो आहे.

माझी आई साताऱ्याहून येथे आली, तेव्हा या खिडकीपाशी बसावयास कचरेल असे वाटले होते. उलट तिची माळ तेथेच फिरू लागली. “परमुलखात पडलेली लेकरं रे ही,” ती म्हणे, “यांच्या आयांना कधी कळलं असेल?”

या पौषात तिला जाऊन तीन वर्षे होतील. केवडातल्याच्या स्मशानात तिचे दहन झाले, अस्थी गंगेत गेल्या. आपल्या चालीप्रमाणे तिच्या नावाचा दगड कोठेही नाही. खाली दगड आहेत, नावे आहेत. येऊन रडणारे कोणी उरले नाही. इकडे रडणारा आहे, तर दगड नाही.

आता नोकरी संपत आली. “गावी परत या,” असे भाऊ वरचेवर कळवितो. गावी घर आहे, भाऊबंद आहेत. पण आईच्या अस्थी ज्या पाण्याला मिळाल्या, ते पाणी या शहरावरून वाहते. मी भावाला अजून होकार कळविलेला नाही.